रेडियमची गुलाबाई

तीन आठवड्यांनी गल्लीत पाय ठेवल्यावर माझ्या दिराने पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या टेबलाला नावं ठेवली. समोरच्या ओट्यावर वहिनी जिवंत बसलेली दिसतेय, सख्खा मोठा भाऊ दाराशी विडी ओढतोय, तर माणूस निदान विचारेल, बरे आहात का. दगाने तोंडावर बांधलेला रुमालसुद्धा सोडला नाही. रुमालातूनच बोलला, "वहिनी, हाई टेबल पहिले ओटावरथून काढा. रोगाच्या दिवसांत उघड्यावर पडलेल्या वस्तू आहेत. पोरं हात लावतील."

मी त्याच्या मागे कोण कोण आहे ते बघत होते. मंदा होती, माझी धाकटी जाऊ, डोक्यावर गाठोडं आणि कडेवर झोपलेला तिचा धाकटा लोटू. तिच्या मागे रिक्षावाला पिशव्या उतरवत होता. रिक्षात आणखी कोणी नव्हतं.

"दगा, तुनी पोर कोठे शे?" मी विचारलं.

तो समोरच्या आपल्या दाराचं कुलूप उघडण्यात गुंतला. कुलपावर फवारणीची पावडर बसून ते आखडलं होतं. त्याला तेवढंच निमित्त पुरलं. म्हणाला, कुंदन गावी आहे, खुशाल आहे, मग सांगतो. मंदाने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. मला तिथेच कळलं की खुशाल कोणीच नाही.

हा दगा सुरतेला आला तेव्हा त्याच्या अंगावर एक सदरा होता आणि दुसरा पिशवीत नव्हता. दोंडाईच्याच्या पलीकडच्या आमच्या गावाहून त्याला मी बोलावून घेतलं. आमच्या एका खोलीत तो याच टेबलाखाली झोपायचा. टेबल साड्यांच्या घड्या घालायचं, मिलमधून भंगारात निघालेलं. वर मी दिवसभर साड्यांचे धागे कापायचे, खाली हा झोपायचा, कारण त्याची लूमवर रातपाळी असायची. त्याच्या पायाला टेबलाचा पाय लागायचा, म्हणून मी टेबलाच्या पायाला चिंधी बांधली होती. आता तो चार मागांचा भागीदार आहे, आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत समोरची पक्की खोली त्याची आहे, आणि गणपती मंडळाचा तो अध्यक्ष आहे. माणूस वर चढला याचं मला वाईट वाटत नाही. वर चढून खाली थुंकतो, त्याचं वाटतं.

टेबलाशी त्याचं भांडण जुनं. दरवर्षी भाद्रपदाच्या पुनवेला मी त्या टेबलावर गुलाबाई बसवते. आमच्या खानदेशात ही लेकीबाळींची देवी. गुलाबाई आणि तिचा गुलोजी, मातीचे, शेजारी शेजारी बसलेले. ती कोजागिरीपर्यंत महिनाभर माहेरी येते. रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात, बंद डब्यात खाऊ काय आहे ते ओळखतात. गावी नुसती मूर्ती आणि ज्वारीच्या कणसासकट उभ्या ताटांचं मखर असायचं. मी इथे तिच्याभोवती सगळं गाव मांडते. गोणपाट मातीत भिजवून डोंगर, नदी, विहीर, बैलगाड्या, घरं, एक मिलची चिमणीसुद्धा. सगळं बोटाएवढं, वीतभर उंचीचा फार तर डोंगर. आणि सगळं रेडियम रंगात.

रेडियम आम्ही म्हणतो. साडीवर छापतात तो चमकणारा गुलाबी, चमकणारा पोपटी, लिंबू पिवळा, आणि नारिंगी, ज्याच्याकडे बघितलं की डोळे मिटावेसे वाटतात. माझा नवरा राघो प्रिंटिंग मिलच्या कलर किचनमध्ये. किचन म्हणतात, पण शिजतो रंग. बादलीच्या तळाला जो उरतो तो शेवटी गटारातच जायचा, तो हे डब्यात भरून आणायचे. त्या रंगाचा स्वभाव मला जेवढा कळला तेवढा नवऱ्याचाही कळला नाही. रेडियम पाण्यासारखा पातळ. कोरड्या मातीवर लावला तर माती त्याला पिऊन टाकते आणि वर तोंड काळं करून बसते. म्हणून आधी पांढरा हात द्यायचा, खडूची पूड आणि डिंक. तो खडखडीत वाळला पाहिजे. जरा ओला असताना घाई केली की गुलाबी रंग आजारी माणसाच्या जिभेसारखा दिसतो. पांढऱ्यावर लावला की मात्र तो बोलतो. आणि उन्हात ठेवायचा नाही. उन्हात रेडियम महिन्यात मरतो. आमच्या गल्लीत ऊन येतच नाही, दोन्ही बाजूंची छपरं एकमेकांना खेटलेली. तिथे दिवसा बारा वाजताही सुईत दोरा ओवायला बाहेर नाक्यावर जावं लागतं. अशा गल्लीत मी मातकट रंगाचा बैल ठेवला तर तो आहे की नाही हे चाचपून बघावं लागेल.

दगाला हे गावठी वाटायचं. गणपतीला त्याने थर्माकोलचं देऊळ आणलं, पांढरं आणि सोनेरी, आणि सगळ्यांना सांगत फिरला की याला म्हणतात सजावट. मला म्हणाला, बैल कधी हिरवा असतो का, नदी कधी गुलाबी असते का. मी म्हटलं, जा, मिलच्या मागच्या खाडीवर जाऊन बघ. ज्या दिवशी गुलाबी साड्या छापतात त्या दिवशी कोणत्या रंगाची नदी वाहते ते सांग मला येऊन. तो काही गेला नाही. ज्याला उत्तर माहीत असतं तो बघायला जात नाही.

आता पोरींच्या बाहुल्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरूनच झालं. ही रीत गावाकडची नाही, मी घातलेली. गल्लीतल्या प्रत्येक पोरीची एक बाहुली, अंगठ्याएवढी, गुलाबाईच्या भोवती उभी करायची. गुलाबाई माहेरी आली तर तिच्या मैत्रिणी नकोत का? बाहुली मी करते, पांढरा हात मी देते, पण रंग जिचा तिने सांगायचा. मी सांगणार नाही, तिची आई सांगणार नाही. आणि कोजागिरीला विसर्जनाला निघताना जिची तिने आपल्या हाताने उचलायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. रीत का घातली असं एकदा राघोने विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या लग्नात मला लुगड्याचा रंगसुद्धा कोणी विचारला नव्हता. तेरा वर्षांची होते, विचारलं असतं तर मोरपंखी सांगितला असता. त्यानंतर डबे जास्त यायला लागले.

कुंदन, दगाची थोरली, या रंग सांगण्यात सगळ्यांच्या वरची. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत नववीला. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि भांडायचं असलं की गुजराती. त्या वर्षी म्हणाली, माझ्या बाहुलीचं तोंड हिरवं करायचं. मी म्हटलं, अगं, तोंड हिरवं असतं ते विष प्यायलेल्याचं. तर कमरेवर हात ठेवून मला विचारते, "मोठी आई, देव निळा चालतो, मग माझी बाहुली हिरवी का चालत नाही?" रागावले मी. मनातून मात्र म्हटलं, हिला कोणी सहजासहजी दाबणार नाही.

गुलाबाई बसली त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कतारगामकडून प्लेगची बातमी आली. पहिल्या दिवशी लोक कुजबुजले, दुसऱ्या दिवशी गल्ली गाठोडी बांधायला लागली. उधना स्टेशनावर माणसांना डब्याच्या खिडकीतून आत ढकलत होते असं जो तो सांगायचा. दगा सगळ्यांत आधी निघाला. पहाटे कोणाला न सांगता निघायचा त्याचा बेत होता, पण कुंदन निसटून आमच्या ओट्यावर आली. माझा पांढरा हात नुकताच देऊन झाला होता, सगळ्या बाहुल्या टेबलावर पांढऱ्याफटक उभ्या होत्या, एकीलाही रंग नाही. ती म्हणाली, मोठी आई, मी जाणार नाही, ह्यांना असं ठेवून कसं जायचं. तेवढ्यात दगा आला आणि तिला दंडाला धरून नेलं. जाताना ती मागे वळून ओरडली, "हिरवा तोंडालाच लाव."

स्टेशनवर पोचल्यावर दगाने आम्हालाही निरोप धाडला, तुम्हीही या. राघोने मला विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, माहेरवाशीण घरात आहे. तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं, असं कोणत्या आईने केलंय ते दाखवा, मी लगेच निघते. त्यांनी चप्पल काढून ठेवली. म्हणाले, तू नाही येत तर मी एकटा गावी जाऊन काय करू, तिथे मला भाकरी कोण देणार. हा माणूस प्रेमाचं बोलला की असंच बोलतो.

गल्ली रिकामी झाली. मागांचा आवाज बंद झाला. इतकी वर्षं मी त्या खडखडाटाला शिव्या दिल्या, तो थांबला तर मला झोप येईना. म्युनिसिपालिटीची माणसं तोंडाला फडकी बांधून आली आणि पांढरी पावडर टाकत निघाली, गटारावर, उंबऱ्यावर, कुलपांवर. बघता बघता गल्ली पांढरी झाली. त्यातला एक जण टेबलाशी येऊन सगळं आत घ्या म्हणून गुजरातीत सांगायला लागला, "माजी, आ बधुं अंदर लई लो, पावडर उडशे." मी त्याला सांगितलं, भाऊ, पावडर टाक, माझ्या डोक्यावर टाक, पण टेबलावर एक कण पडला तर फडकं काढून तुझं तोंड बघेन. तो हसला. बिचारा पोटासाठी फिरत होता, त्याच्या घरीही कोणी तरी वाट बघत असेल. त्याने टेबलाच्या चारी बाजूंनी हाताने अलगद पावडर टाकली, रांगोळी घालावी तशी.

पण मग मी टेबलाकडे बघितलं. पांढरी गल्ली आणि त्यात त्या पांढऱ्या बाहुल्या. ज्या पोरी हसत हसत रंग सांगून गेल्या त्या सगळ्या जणू कोणी कापडात गुंडाळून उभ्या केल्या होत्या. मी त्या दिवशी जेवले नाही. हात धुतले, खराट्याच्या काड्या तासल्या, काडीला कापूस गुंडाळला आणि रंगवायला बसले. शेजारच्या उखाबुवांची नात नारिंगी, पलीकडच्या शिंप्याची पोर पिवळी, आणि तिच्या बहिणीला पिवळ्यावर गुलाबी ठिपके, कारण बहिणीसारखं नको असं तिने बजावलं होतं. कोणी काय सांगितलं ते माझ्या ध्यानात होतं. मला वाचायला जड जातं, पण पोरीने एकदा सांगितलेला रंग मी विसरत नाही.

कुंदनच्या बाहुलीपाशी आले आणि हिरवा संपलेला. डबा खरवडला तर नखाएवढा निघाला. राघोला म्हटलं, मिलवर जा. मिल बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि मी या माणसाला रंगासाठी धाडते आहे. ते सायकल घेऊन गेले. वॉचमन एकटाच होता. राघोने त्याला सांगितलं की बायको हिरव्यासाठी अडून बसलीय. तो म्हणे बराच वेळ हसत राहिला, मग स्वतः आत जाऊन अर्धी बादली घेऊन आला. अर्धी बादली. माझ्या कुंदनचं तोंड एका थेंबात होणार होतं. उरलेल्या हिरव्याने मी डोंगर रंगवला, बैल रंगवले, चिमणी रंगवली, तरी उरला तेव्हा टेबलाचे पायही रंगवले. बाहुलीचं तोंड मात्र सगळ्यांत शेवटी, बाभळीच्या काट्याने. डोळे काढले तेव्हा माझा हात जराही हलला नाही.

मग हळूहळू लोक परत यायला लागले. रुमाल बांधून, दबकत, चोरासारखे आपल्याच घरात शिरायचे. आणि गल्लीच्या तोंडाशी आले की थबकायचे, कारण त्या पांढऱ्या गल्लीच्या मध्यावर माझं टेबल पेटल्यासारखं दिसायचं. शिंप्याच्या पोरी पिशव्या टाकून धावत आल्या. आपापल्या बाहुल्या बघून त्यातली धाकटी रडायला लागली. रात्री दोघी झोपल्या असतील नसतील, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणी सुरू. दगा आला तो या सगळ्याच्या शेवटी, दसरा उलटल्यावर. आणि आल्या आल्या काय बोलला ते मी आधीच सांगितलं.

मग सांगतो म्हणालेलं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्याजवळ नाही, राघोजवळ. दसऱ्याच्या दिवशी गावी कुंदनची सुपारी फोडली. मुलाकडे ट्रॅक्टर आहे. तुळशीचं लग्न झालं की हिचं लग्न. तोवर ती आजीजवळ राहील. सुरतेचा काय भरवसा, असल्या रोगाच्या गावात वयात आलेली पोर ठेवायची का, असं तो म्हणाला. राघोने विचारलं, आणि शाळा? दगा म्हणाला, नववी पुष्कळ झाली.

मी आतून ऐकत होते. पीठ मळत होते, मळतच राहिले. बाहेर येऊन भांडले नाही. राघोला त्याचीच जास्त भीती वाटली.

कोजागिरी आली. संध्याकाळी सगळ्या पोरी नवे फ्रॉक घालून जमल्या. ज्वारीची ताटं लावून मखर केलं, आरती झाली, दूध झालं. आता प्रत्येकीने आपली बाहुली उचलायची, राघोने गुलाबाईचा पाट उचलायचा आणि खाडीवर निघायचं. मी टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, गुलाबाई आज उठणार नाही. कुंदनची बाहुली कुंदन उचलेल. ती येईल त्या दिवशी उठेल.

मालतीबाई, ज्या दर गुरुवारी सगळ्यांना पोथी वाचून दाखवतात, पुढे येऊन समजावायला लागल्या की असं करू नये, देवीला मुदतीपलीकडे ठेवलं तर घराला बाधतं. उखाबुवा म्हातारे, काठी टेकत आले, त्यांनीही तेच सांगितलं. मग राघोने मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "तू आते देवले बी अडावस का?"

"देवाला कोण अडवतंय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "लेक माहेरी चार दिवस जास्त राहिली, तर कोणाच्या बापाचं काय गेलं?"

शिंप्याच्या धाकटीने पहिल्यांदा आपला हात मागे घेतला. मग बाकीच्या पोरींनीही. त्या एवढ्याशा पोरींना मी काही शिकवलं नव्हतं, पण त्यांना रीत माझ्यापेक्षा पक्की ठाऊक होती. एकीची बाहुली राहिली तर कोणाचीच उठत नाही.

दगा त्याच्या उंबऱ्यात उभा होता. त्याच्या दारापासून माझं टेबल चार पावलांवर. त्याने दार लावून घेतलं. पण दार किती वेळ लावून ठेवणार माणूस? सकाळी कामावर जायला उघडलं की समोर हिरवा डोंगर, संध्याकाळी आला की गुलाबी नदी, आणि नदीकाठी हिरव्या तोंडाची ती एकटी त्याच्याकडे बघत. मागावर लोक त्याला विचारायला लागले, काय हो अध्यक्ष, तुमची देवी यंदा दिवाळी करून जाणार की होळी? आणि पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणायच्या. मुदत संपल्यावरची गाणी. त्यात आधीच्यापेक्षा जोर जास्त.

मंदा रोज येऊन टेबलाशी बसायला लागली. एका दुपारी पाल पडून एका बैलाचं शिंग मोडलं होतं, ते मी डिंकाने चिकटवत होते. मंदाने माझ्या हातातून काडी घेतली आणि शिंगाला पिवळा लावला. रंग पसरून बैलाच्या डोळ्यात गेला. मी पुसला नाही. राहू दे म्हटलं, आंधळा बैलही नांगराला लागतो. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. सुपारी फोडली तेव्हा कुंदनला कोठीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, तिने दाराला लाथा मारल्या, आणि आपण बाहेर पाहुण्यांना पोहे देत होतो, असं ती सांगत होती. मी तिच्यापुढे रंगाचा डबा सरकवला. ज्याला स्वतःलाच कळलंय त्याला आणखी काय कळवायचं.

दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या सकाळी, दगा ओट्यासमोर येऊन उभा राहिला. रुमाल नव्हता आता तोंडावर. तोंड लालबुंद. गावाहून माणूस येऊन गेला होता. बातमी तिथवर पोचली होती की सुरतेला नवरीच्या चुलतीने गुलाबाई कोंडून ठेवलीय, कोजागिरी उलटून गेली तरी उठवत नाही. मुलाची आजी म्हणाली, असल्या अडून बसलेल्या देवीच्या घरची पोर आमच्या घरात नको, उद्या तीही आमच्या चुलीपुढे अशीच अडून बसेल. सुपारी परत आली. ट्रॅक्टरवाल्यांनी सोयरीक मोडली.

हे तो मला ओरडून सांगत होता आणि दोन्ही बाजूंची दारं एक एक करून उघडत होती. वहिनी, माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, म्हणाला. ज्या घरात मला वाढवलंत त्याच घराने माझं नाक कापलं, म्हणाला. आणि हात पुढे केला, टेबलाकडे, कुंदनची बाहुली उचलायला.

राघो उठले. आयुष्यात कधी भावावर हात उगारला नाही त्या माणसाने टेबलावर हात आडवा धरला, एवढंच.

तेवढ्यात समोरच्या घरातून मंदा बाहेर आली. नेसून तयार, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला लोटू. तिने दाराला कुलूप लावलं. किल्ली आणून माझ्या हातात दिली, नवऱ्याच्या नाही. दगाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"बाई, मी गाडीवर जाई राहिनू," ती म्हणाली. "मनी पोर लई येसू."

आणि कुंदनला आणायला गेली. गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्या चपलांचा आवाज येत होता. लोटू मागे वळून बापाकडे बघत होता, पण चालत होता.

दगा माझ्या ओट्याच्या पायरीवर बसला. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत हे मला त्या दिवशी वरून दिसलं. माझ्या टेबलाखाली झोपायचा तेव्हा ते दाट होते आणि मीच त्यांना तेल लावायचे. मला त्याची दया आली नाही असं नाही. पण दया आली म्हणून निकाल बदलायचा नसतो. गल्ली ऐकत होती, तिने ऐकावं म्हणूनच मी मोठ्याने बोलले.

"दगा, रोगाला भिऊन पळालास त्याचं मी तुला कधी काही म्हटलं नाही. अर्धं सुरत पळालं, जीव कोणाला नको असतो. पण बाकीच्यांनी भीतीच्या पोटी भांडी टाकली, गाद्या टाकल्या. तू लेक टाकून आलास. आणि वर आम्हाला सांगतोस की तिच्या भल्यासाठी. सोयरीक मी मोडली म्हणतोस, तर हो, मीच मोडली, सगळ्या गल्लीसमोर कबूल. दुसरी आणलीस तर तीही मोडेन. पोर शाळेत जाईल, आणि कधी कोणाच्या घरी जायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगेल. तिने तुला माफ केलं तर माझीही माफी समज. तोवर तू या घरचा मुलगा नाहीस, दगा. पाहुणा आहेस. बस तिथेच, चहा आणते."